सांक्ट मार्ग्रेथेननंतर नेट गेलं: नऊ दिवसांच्या एका परदेश प्रवासाचा प्रकरण अभ्यास

माझी मावशी आणि काका नऊ दिवसांच्या प्रवासाला निघाले तेव्हा परदेशात दोघांच्या फोनवर नेट चालेल ना, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. म्युनिकला उतरायचं, तिथे दोन रात्री, मग आगगाडीने झुरिक, चार दिवस आसपास भटकंती आणि शेवटी इटलीत मिलानहून परतीचं विमान, असा बेत होता. दोघांचीही पासष्टी उलटलेली. फोन रोज वापरतात, पण सेटिंग्जच्या आत शिरायची सवय नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी झुरिकच्या मुख्य स्टेशनावर ते दोघं सामानासकट पावणेदोन तास नेटविना अडकून पडले. इजा झाली नाही, चोरी झाली नाही. तरीही परत आल्यावर मी मावशीच्या फोनमधले मेसेज, वेळा आणि डेटाचा हिशोब समोर ठेवून त्या पावणेदोन तासांचा माग काढला. चूक एकच असती तर पाच मिनिटांत सुटली असती. इथे चार लहान गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि त्यातल्या दोन माझ्या निर्णयाच्या होत्या.

निघण्याआधी काय ठरवलं

मावशीचा फोन ई-सिम घेणारा आहे. म्हणजे वेगळं कार्ड घालावं लागत नाही. फोनमध्ये आधीच बसवलेल्या चिपवर मोबाइल कंपनीची ओळख इंटरनेटवरून उतरवून घ्यायची. काकांच्या जुन्या फोनमध्ये ही सोय नाही. ज्यांना आपल्या फोनबद्दल खात्री नसेल त्यांनी *#०६# डायल करून पाहावं. ई-सिमवाल्या फोनवर आयएमईआय ह्या फोनच्या पंधरा आकडी ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा बत्तीस आकडी क्रमांकही दिसतो.

मार्ग तीन होते. पहिला, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक. एकाच देशात चार-पाच दिवस जाणाऱ्याला मी आजही हाच सुचवीन, कारण त्यात नवीन काही शिकावं लागत नाही. पण मावशीच्या कंपनीच्या पॅकमध्ये रोजचा डेटा फारच थोडा होता आणि तो दोघांत पुरला नसता. दुसरा मार्ग, उतरल्यावर तिथलं सिम घेणं. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिम चालू होण्याआधी पासपोर्ट किंवा ओळखपत्र तपासावंच लागतं. लांबच्या प्रवासानंतर लगेच रांगेत उभं राहून हे करायला काका तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. म्हणून तिसरा मार्ग निवडला: प्रवाशांसाठीचं, फक्त डेटाचं ई-सिम. पॅकचं नाव ‘युरोप’, खाली लिहिलेलं ‘३० देश, १५ दिवस, १० जीबी’. काकांचा फोन मावशीच्या हॉटस्पॉटवर चालवायचा ठरलं. मावशीचं नेहमीचं सिम फोनमध्येच राहील, त्यावर रोमिंगची सेवा सुरू असेल, पण फक्त ओटीपी आणि मेसेजसाठी. त्याचा डेटा बंद. काकांच्या सिमवर रोमिंगची सेवा आम्ही सुरूच केली नाही. एका घरातल्या दोघांना दोन चालू क्रमांक कशाला हवेत, असं मला वाटलं.

त्या ‘३०’ आकड्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. पुढचा अर्धा उलगडा त्याच आकड्यात दडला होता.

ई-सिम मी घरच्या वायफायवर आठवडाभर आधी उतरवून घेतलं. त्याआधी एक गोष्ट मात्र नीट वाचली होती: पंधरा दिवस कधीपासून मोजणार? काही पॅकांचे दिवस ई-सिम फोनमध्ये बसवल्या क्षणापासून मोजले जातात, काहींचे परदेशातल्या टॉवरला पहिल्यांदा जोडल्यापासून. हे दुसऱ्या प्रकारचं होतं, म्हणून घाई चालली. पहिल्या प्रकारचं असतं तर निघायच्या आधीच सात दिवस वाया गेले असते.

म्युनिक: नेट सुरू झालं, पण एक नवी भीती बसली

विमानातून उतरल्यावर मावशीच्या फोनवर रेंज पूर्ण, पण नेट नाही. विमानतळाच्या मोफत वायफायवरून तिने मला फोन केला. कारण लगेच कळलं. मी तिला निघताना दहा वेळा बजावलं होतं, “डेटा रोमिंग बंद ठेव हं.” तिने आज्ञाधारकपणे दोन्ही सिमचं बंद केलं होतं.

इथे जवळपास प्रत्येक जण अडखळतो. प्रवासी ई-सिम हे तिथलं स्थानिक सिम असतंच असं नाही. बहुतेकदा ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, आणि जर्मनीत ते स्वतःच पाहुणं असतं. फोनच्या दृष्टीने तेही रोमिंगवरच. म्हणून त्या ओळीचं (फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक सिम ही एक ओळ) डेटा रोमिंग सुरू ठेवावं लागतं आणि घरच्या सिमचं बंद. मी सांगितलं होतं ते वाक्य अर्धं होतं. “ई-सिमचं चालू, आपल्या सिमचं बंद,” हे पूर्ण वाक्य. मावशीने एक कळ फिरवली आणि नेट आलं.

त्याच रात्री हॉटेलातून तिने विचारलं, “अगं, जाहिराती ह्या कुठल्या भाषेत येतायत? जर्मन तर वाटत नाही.” त्या पोलिश होत्या. त्याचंही उत्तर ह्याच रचनेत आहे. रोमिंगवर असलेल्या सिमचा डेटा साधारणपणे आधी सिम देणाऱ्या कंपनीच्या देशात जातो आणि तिथून इंटरनेटला मिळतो. मावशी बसली होती म्युनिकमध्ये, पण इंटरनेटला ती पोलंडमधून आल्यासारखी दिसत होती. ह्यामुळे पानं किंचित उशिरा उघडतात, एखाद्या बँकेच्या ॲपला शंका येऊ शकते, एखादी सेवा ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणू शकते. चीनमध्ये हीच रचना प्रवाशाच्या कामी येते: तिथल्या स्थानिक सिमवर जी परदेशी संकेतस्थळं बंद असतात ती बाहेरच्या देशाच्या रोमिंग सिमवर उघडतात, कारण डेटा चीनबाहेर जाऊन मग इंटरनेटला मिळतो.

पण मुख्य घटना वेगळीच होती, आणि ती मला तेव्हा कळलीच नाही. म्युनिकमध्ये मावशीच्या नेहमीच्या सिमवर तिच्या कंपनीचा स्वागताचा मेसेज आला. त्यात परदेशातल्या कॉलचे, मेसेजचे आणि डेटाचे दर होते. ते आकडे पाहून ती घाबरली. तिने डेटा बंद आहे ना हे बघितलं, तरी समाधान होईना, म्हणून ती पूर्ण ओळच बंद करून टाकली. मला सांगायचं राहून गेलं. तिला वाटलं, आता तर आपण आणखीच सुरक्षित झालो.

तिसरा दिवस

म्युनिकहून झुरिकला जाणारी आगगाडी साडेतीन-चार तासांत तीन देश ओलांडते. मेमिंगेनवरून लिंडाऊ, तिथे कॉन्स्टन्स सरोवर लागतं, मग थोडा वेळ ऑस्ट्रियातलं ब्रेगेंझ, आणि ऱ्हाईन ओलांडली की सांक्ट मार्ग्रेथेन, म्हणजे स्वित्झर्लंड. लिंडाऊला मावशीने मला सरोवराचा फोटो पाठवला. ब्रेगेंझला आणखी एक. त्यानंतर काही आलं नाही.

सांक्ट मार्ग्रेथेननंतर नेट गेलं तेव्हा तिला वाटलं, डोंगराळ भाग आहे, येईल परत. रेंजच्या काड्या भरलेल्या दिसत होत्या, त्यामुळे शंका यायलाही जागा नव्हती. काड्या फक्त एवढंच सांगतात की जवळ टॉवर आहे आणि फोन त्याच्याशी बोलतोय. पाहुण्या सिमच्या आतल्या ओळख क्रमांकाचे पहिले तीन आकडे त्याचा देश सांगतात; टॉवर मग त्या सिमच्या मूळ कंपनीला विचारतो, ह्याला डेटा द्यायचा का? उत्तर ‘नको’ आलं तर काड्या जागच्या जागी राहतात आणि नेट मात्र मिळत नाही. सांक्ट गालेन गेलं, विंटरथूर गेलं. गाडी झुरिकला पोहोचली तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती.

त्या दिवशीची राहायची जागा एक छोटं अतिथीगृह होतं. तिथे स्वागतकक्ष नाही. दाराचा कोड दुपारी तीन वाजता मेलवर येणार होता. पत्ताही त्याच मेलच्या साखळीत, आणि मावशीच्या फोनवर ती साखळी नेट असल्याशिवाय पूर्ण उघडेना.

स्टेशनावर मोफत वायफाय होतं. मावशीने ते जोडलं तर पान आलं: मोबाइल क्रमांक द्या, त्यावर कोड पाठवतो. तिने आपला क्रमांक दिला. कोड आला नाही, कारण ती ओळ बंद होती. काकांनी आपल्या फोनवर आपला क्रमांक दिला. कोड आला नाही, कारण त्यांच्या सिमवर रोमिंगची सेवाच नव्हती. दोघांनीही पुन्हा पुन्हा तेच केलं. ह्यातच पाऊण तास गेला. काकांनी मला नंतर सांगितलं, “मला वाटलं त्यांचं वायफायच बिघडलंय.”

मग मावशीला आठवलं की आपण ओळ बंद केली होती. तिने ती चालू केली, आणि एक मिनिट नकाशा बघून घेऊ म्हणून त्या ओळीचा डेटा आणि रोमिंग, दोन्ही चालू केलं. नेट आलं. अतिथीगृहाचा पत्ता मिळाला. मला मेसेज आला: “झुरिकला आहोत. तुझं नेट इथे चालत नाही.” अकराव्या मिनिटाला पुन्हा सगळं थांबलं. खर्चाची मर्यादा ओलांडल्याचा तिच्या कंपनीचा मेसेज आला होता.

तिने अकरा मिनिटांत काय वापरलं? नकाशा, एक मेल, एक मेसेज. फोनच्या सेटिंग्जमध्ये रोमिंगचा ॲपनुसार हिशोब असतो, तो मी नंतर उघडला. एकूण २१४ एमबी. त्यात नकाशा, मेल आणि मेसेज मिळून नऊ एमबीसुद्धा नव्हते. बाकी सगळं फोटोंच्या आपोआप होणाऱ्या साठवणीने खाल्लं. म्युनिकच्या हॉटेलातलं वायफाय संथ होतं, दोन दिवसांचे फोटो आणि व्हिडिओ रांगेत अडकले होते, आणि मोबाइल डेटावर साठवण होऊ देणारी कळ बंद केलेली नव्हती. नेट दिसताक्षणी ती रांग सुटली. परत आल्यावर त्या अकरा मिनिटांचं जे बिल आलं ते संपूर्ण प्रवासाच्या ई-सिमवर झालेल्या खर्चापेक्षा जास्त होतं. ह्याची मला अजूनही चुटपुट लागून राहिली आहे, कारण ती एक कळ मला घरीच बंद करता आली असती.

मी इथून काय केलं

मेसेज मिळाल्यावर मी आधी पॅकचं पान उघडलं. देशांची यादी एका बारीक बाणाखाली दुमडलेली होती. उघडली. ऑस्ट्रिया, आइसलंड, लिख्टेनस्टाइन, नॉर्वे... स्वित्झर्लंड नाही.

मी मावशीला साधा एसएमएस केला. तिची ओळ आता चालू होती, त्यामुळे तो पोहोचला. लिहिलं: “डेटा बंद कर, ओळ चालूच ठेव. वायफायला तुझा नंबर परत दे.” ह्या वेळी कोड आला. तिचा फोन स्टेशनच्या वायफायवर गेला. मग त्याच क्रमांकावर कोड मागवून काकांचाही फोन जोडला. तीन वाजून गेले होते, दाराच्या कोडचा मेलही आला. संकट तिथेच संपलं म्हणायला हरकत नाही, पण पुढचे चार दिवस उरले होते.

मी इथूनच फक्त स्वित्झर्लंडचं पाच दिवसांचं ई-सिम विकत घेतलं. मुद्दाम मी घेतलं. तिने तिथून घेतलं असतं तर पैसे भरताना ओटीपी, तो ओटीपी येईपर्यंत वायफाय टिकायला हवं, आणि तीन गोष्टी एकदम जुळवताना माणूस गडबडतो. क्यूआर कोड मी काकांच्या फोनवर पाठवला. हा बारकावा लोकांच्या लक्षात उशिरा येतो: ज्या फोनमध्ये ई-सिम बसवायचं त्याच फोनच्या पडद्यावर कोड असेल तर कॅमेऱ्याने तो टिपणार कसा? काही नवे फोन चित्रावर बोट दाबून धरलं की कोड ओळखतात, किंवा सर्व्हरचा पत्ता आणि सक्रियण कोड हाताने लिहिता येतो. पण शेजारी दुसरा फोन असेल तर त्याच्यासारखी सोपी वाट नाही. काकांनी आपला फोन धरला, मावशीने कॅमेरा रोखला.

तिथे एक घोटाळा होता होता टळला. फोन म्हणाला, एका वेळी दोनच ओळी चालू राहू शकतात. काका म्हणाले, “मग ते न चालणारं पुसून टाक.” मावशीने मला विचारलं म्हणून बरं झालं. मी जवळपास ओरडलेच, “पुसू नकोस, फक्त बंद कर!” एका फोनमध्ये अनेक ई-सिम साठवता येतात, चालू मात्र दोनच राहतात. बंद केलेलं परत चालू होतं. पुसलेलं सहसा परत येत नाही, कारण त्याचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. आणि त्या ‘न चालणाऱ्या’ ई-सिमवर अजून सात जीबी होते, जे इटलीत लागणार होते.

साडेतीनच्या सुमारास नवी ओळ चालू झाली. ह्या वेळी तिने न विचारता त्या ओळीचं रोमिंग सुरू केलं.

तीस म्हणजे कोणते तीस

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एक नियम लागू आहे: संघातल्या कंपनीचा ग्राहक संघातल्या दुसऱ्या देशात गेला तर त्याच्याकडून रोमिंगचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी, २०३२ पर्यंत वाढवला गेला. तो संघाच्या २७ देशांबरोबर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या आइसलंड, नॉर्वे आणि लिख्टेनस्टाइनलाही लागू आहे. सत्तावीस आणि तीन, तीस.

स्वित्झर्लंड संघातही नाही आणि आर्थिक क्षेत्रातही नाही. नकाशात मधोमध आहे, चारही बाजूंनी त्याच क्षेत्राने वेढलेलं आहे, पण हा नियम तिथे लागू होत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून तिथेही नाही. आमचं ई-सिम पोलंडच्या कंपनीच्या ओळखीवर चाललं होतं, आणि पॅक बनवणाऱ्याने त्या नियमाच्या कडेकडेनेच पॅक कापला होता हे आकड्यावरूनच दिसतं. नियमाच्या बाहेरच्या देशासाठी तिथल्या कंपनीशी वेगळा दर ठरवावा लागतो; म्हणून स्वित्झर्लंडसकटचे युरोप पॅकही मिळतात, पण ते वेगळे असतात. विक्रेत्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. तरीही ‘युरोप’ हे नाव मोठ्या अक्षरात आणि यादी बाणाखाली, हे मला पटत नाही. ज्याला त्या पॅकची सगळ्यात जास्त गरज असते तो माणूस नेमका नकाशा पाहून पॅक निवडतो.

असाच भौगोलिक नावाचा फसवा भाग इतरत्रही आहे. तुर्कस्तान, सर्बिया, बोस्निया हे देश ‘युरोप’ पॅकमध्ये कधी असतात, कधी नसतात. सीमेलगत राहणाऱ्यालाही हे भोवतं: सरोवराच्या जर्मन काठावर उभं असताना फोन पलीकडचा स्विस टॉवर पकडू शकतो, कारण तो अधिक जोरात ऐकू येतो. अशा ठिकाणी सेटिंग्जमध्ये जाऊन कंपनी हाताने निवडावी लागते. आणि समुद्रावरच्या मोठ्या जहाजात तर कुठलाच देश नसतो. तिथे जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं जाळं असतं आणि कुठलाही प्रादेशिक पॅक त्याला लागू नसतो. बंदर सुटलं की फोन विमान मोडवर टाकावा.

आता मी काय वेगळं करते

यादीतला प्रत्येक देश मी प्रवासाच्या मार्गाशी ताडून बघते. मुक्कामाच्या शहरांशी ताडून भागत नाही, मार्गातले देशही लागतात. मावशीच्या मार्गात ऑस्ट्रियात मुक्काम नव्हता, पण गाडी तिथून गेली. उद्या असाच मार्गातला देश पॅकबाहेर असू शकतो.

पण त्याहून मोठा बदल क्रमांकाच्या बाबतीत केला. परदेशात फोनकडे दोन कामं असतात. एक नेट आणणं, दुसरं ‘मी मीच आहे’ हे सिद्ध करणं. ई-सिम पहिलं काम करतं, दुसरं करत नाही. फक्त डेटाच्या ई-सिमला एसएमएस येईल असा क्रमांकच बहुधा नसतो. बँक, वायफाय, काही ठिकाणी मेलसुद्धा घरच्या क्रमांकावर कोड पाठवतात. म्हणून घरची ओळ चालू, तिचा डेटा बंद, आणि ही गोष्ट मी आता कागदावर लिहून देते. मावशीने खर्चाच्या भीतीने ओळ बंद केली ती समजण्यासारखीच होती. ओळ चालू असणं आणि डेटा चालू असणं ह्यांतला फरक मी तिला समजावला नव्हता. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या रोमिंगमध्ये पैसे लावत नाहीत, हे तिला आधी माहीत असतं तर स्वागताच्या मेसेजमधल्या आकड्यांनी ती इतकी दचकली नसती. तिच्या कंपनीचा तो नियम मी निघण्याआधीच विचारून ठेवायला हवा होता.

दोघं प्रवासाला जात असतील तर दोन्ही सिमवर रोमिंगची सेवा सुरू करून ठेवते, जरी एकच वापरायचं असलं तरी. एक फोन हरवला, पाण्यात पडला, बॅटरी संपली, तर? हॉटस्पॉटवर चालणारा फोन हा दुसरा फोन नसतो, तो पहिल्याचाच पडदा असतो. शिवाय हॉटस्पॉट बॅटरी भराभर खातो, आणि मावशी-काका स्टेशनाच्या गर्दीत एकमेकांपासून पन्नास पावलं दूर गेले की काकांचं नेट गेलंच.

कागद ही गोष्ट मी पूर्वी हसण्यावारी नेली असती. आता नाही. मुक्कामाचा पत्ता, फोन क्रमांक, दाराचा कोड यायची वेळ, माझा क्रमांक, हे सगळं एका कागदावर. त्याचा फोटोही दोन्ही फोनांत. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर निळा ठिपका नेट नसतानाही आपली जागा दाखवतो, कारण ती जागा उपग्रहांवरून कळते. बस-ट्रामच्या ताज्या वेळा मात्र नेटशिवाय मिळत नाहीत.

फोटोंची साठवण, ॲपची अद्यतनं, व्हिडिओंचं आपोआप चालू होणं हे सगळं निघण्याच्या आदल्या दिवशी फक्त वायफायवर बांधून टाकते. प्रवासातला डेटाचा आकडा ऐकून लोक मला विचारतात, दहा जीबी पुरतील का? नकाशे आणि मेसेजवर दोघांना नऊ दिवसांत इतके कधीच लागत नाहीत. माणूस स्वतः जे वापरतो ते थोडं असतं, फोन त्याच्या पाठीमागे जे वापरतो ते पुष्कळ असतं.

ऱ्हाईनच्या पलीकडे

झुरिकच्या तिसऱ्या दिवशी दोघं सारगान्सला आगगाडीने गेले आणि तिथून बसने लिख्टेनस्टाइनच्या राजधानीत, फाडुत्सला. हे अंतर ऱ्हाईनवरच्या पुलाचं, चलन दोन्हीकडे स्विस फ्रँक, सीमेवर कुणी थांबवत नाही. पण लिख्टेनस्टाइन १९९५ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे. म्हणजे ज्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड नव्हतं त्यात लिख्टेनस्टाइन होतं, आणि मी नव्याने घेतलेलं ई-सिम फक्त स्वित्झर्लंडचं होतं. ह्याचा विचार मी केला नव्हता. त्या दिवशी ते फाडुत्सला जाणार हेही मला माहीत नव्हतं.

दुपारी मावशीचा फोटो आला: वर कड्यावर किल्ला, खाली बसथांबा. त्याखाली मेसेज होता.

“पूल ओलांडला आणि नेट गेलं. काका म्हणाले डोंगर आहेत म्हणून. मी म्हटलं नाही, देश बदललाय. नवीन बंद केलं, तुझं जुनं चालू केलं. चालतंय. परत पूल ओलांडला की उलट करीन.”

संध्याकाळी सारगान्सहून आलेला पुढचा मेसेज एका शब्दाचा होता: “केलं.”